‘प्रभूने मला सांगितले’ असे कोणी म्हणाले, तर मंडळीने ते कसे पारखावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभांतून दोन वाक्ये वारंवार कानावर येतात. एक, ‘प्रभूने मला सांगितले’. आणि दुसरे, ‘ज्याचा नवा जन्म झाला तो पाप करत नाही’. पहिल्या वाक्यावरून घरांत वितुष्ट येते, दुसऱ्यावरून मंडळ्या फुटतात, आणि या दोन्हींवर आपण निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या अभ्यासवर्गांत चर्चा करतो. माझे असे ठाम मत झाले आहे की ही एकाच गाठीची दोन टोके आहेत आणि ती गाठ दुसऱ्या टोकाकडून सोडवावी लागते. आपल्यात पाप उरलेलेच नाही असे मानणाऱ्याला आपले ऐकणे चुकू शकते हे कधीच पटत नाही. उलट आपले मन अजून आपल्याला फसवू शकते हे ज्याने मान्य केले, तो काही ऐकल्यासारखे वाटताच आपण होऊन चार जणांना विचारायला जातो. म्हणून येथे पापाचा प्रश्न आधी घेतला आहे आणि वाणीचा, म्हणजे देवाकडून काही ऐकल्याच्या दाव्याचा, नंतर. पाळक, मंडळीतील वडील आणि घरी बायबल-अभ्यास चालवणारे बंधुभगिनी यांच्यासाठी मी हे लिहीत आहे.

कोणाकडे बोट दाखवण्याचा मला अधिकार नाही, हे आधी सांगितले पाहिजे. बारा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाने खानापूर तालुक्यातल्या वडिलोपार्जित भातशेतीतला आपला वाटा विकायचे ठरवले. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी भरायची होती. मी उपास केला, प्रार्थना केली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या सोप्यात बसून म्हणालो, “अण्णा, जमीन विकायची नाही असं प्रभूनं मला स्पष्ट सांगितलंय.” त्याने हातातला कप तसाच खाली ठेवला. चहावर साय धरली, तरी तो बोलेना. बऱ्याच वेळाने म्हणाला, “प्रभूच बोलला म्हटल्यावर मी काय बोलू?” त्याने व्याजाने पैसे काढले आणि ते फेडायला त्याला चार वर्षे लागली. पुढे कधीतरी माझ्या लक्षात आले की उपासाच्या त्या तीन दिवसांत माझ्या डोळ्यांपुढे सतत आमच्या बांधावर उभे राहणारे परक्याचे कुंपण होते. जे मला नको होते, तेच मी प्रभूच्या तोंडी घातले होते. मी अण्णाची क्षमा मागितली आणि त्याने ती मनापासून केली. पण त्याचे ते शब्द मला विसरता आलेले नाहीत, कारण वाणीच्या दाव्याने नेमके काय होते ते त्यांत आहे : समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही.

आधी ‘पाप’ या शब्दाचा अर्थ ठरवा

चर्चेला बसलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न एवढाच विचारावा, की तुमच्या मते पाप म्हणजे काय. आपल्या बोलीत हा शब्द फार जड आहे. ‘मी कुणाचं काय पाप केलंय?’ असे एखादी आजी म्हणते, तेव्हा तिच्या मनात खून, चोरी, व्यभिचार, कोणाच्या तोंडचा घास काढून घेणे असे काही असते. जावेला आठ दिवस टोचून बोलणे तिच्या हिशेबात फार तर चूक असते, एरवी तो नुसता स्वभाव. तिच्या शेजारी बसलेला तरुण मात्र मनात डोकावलेल्या मत्सरालाही पाप म्हणतो. मग ‘विश्वासी माणूस पाप करतो का’ या प्रश्नाला आजी ‘नाही’ म्हणते, तरुण ‘रोज करतो’ म्हणतो, आणि आपापल्या अर्थाने दोघेही खरेच बोलत असतात.

हाच फरक मोठमोठ्या शिक्षकांतही आहे. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत शिकवल्या जाणाऱ्या, १६४७ सालच्या वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरीने देवाच्या नियमाला कोणत्याही बाबतीत उणे पडणे किंवा तो मोडणे यांना पाप म्हटले, आणि त्या व्याख्येनुसार माणूस विचार, शब्द आणि कृती यांत दररोज पाप करतो असे सांगितले. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने १७६६ साली ख्रिस्ती पूर्णतेविषयी लिहिताना ‘खऱ्या अर्थाने पाप’ हा शब्द माहीत असलेला नियम जाणूनबुजून मोडण्यापुरता राखून ठेवला. आणि तेवढ्या अर्थाने, प्रीतीने भरलेले अंतःकरण या जन्मात पापापासून मोकळे होऊ शकते असे तो शिकवत असे. मात्र अजाणता घडलेल्या चुकांनाही ख्रिस्ताच्या रक्ताची गरज आहे हे त्याने तेथेच लिहिले आहे. त्याच्या तीन वर्षे आधी, १७६३ साली, विश्वासणाऱ्यांत पाप उरते पण त्याची सत्ता राहत नाही, अशा आशयाचा उपदेशही त्याने प्रसिद्ध केला होता. आपण पूर्ण झालो आहोत असा दावा त्याने स्वतःविषयी केला नाही. वेस्लीचे नाव घेऊन ‘मी आता पाप करतच नाही’ असे सांगणाऱ्यांनी या तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

आपल्या भागात हे मुद्दाम सांगावे लागते. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० साली सुरू झाले आणि १९०४ साली ते मेथडिस्टांच्या हाती आले, त्यामुळे वेस्लीची शिकवण, नीट माहीत असो वा नसो, येथील अनेक घराण्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. बेळगावचे कॅथलिक धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाले. त्या परंपरेत वाढलेला माणूस प्राणघातक पाप आणि क्षम्य पाप असा भेद लहानपणापासून शिकतो, आणि बाप्तिस्म्यानंतरही पापाकडे नेणारी ओढ उरते हे १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेने मांडलेले मत त्याच्या पापकबुलीच्या सवयीत मुरलेले असते. त्यात गेल्या काही दशकांत, पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांची भर पडली. एकाच सोप्यात, एकाच सतरंजीवर हे सगळे बसलेले असतात. तेव्हा फळ्यावर किंवा वहीच्या पानावर ‘नियमाला उणे पडणे’ आणि ‘जाणूनबुजून मोडणे’ असे दोन अर्थ लिहून ठेवावेत, आणि जो बोलेल त्याने आपण कोणत्या अर्थाने बोलत आहोत ते सांगूनच बोलावे. माझा अनुभव असा, की निम्मा वाद येथेच मिटतो. उरतो तो खरा वाद, आणि त्यासाठी शास्त्र उघडावे लागते.

योहानाचे पहिले पत्र एका बैठकीत वाचा

ओव्या तोडून वाचण्याने या विषयाचे जेवढे नुकसान झाले आहे तेवढे दुसऱ्या कशानेही झालेले नाही. योहानाच्या पहिल्या पत्राचे पाच अध्याय मोठ्याने वाचायला अर्धा तासही लागत नाही. निपाणी-चिकोडीकडे ज्या घरांत मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात, तेथे एकाने मराठीत आणि एकाने कन्नडात आळीपाळीने अध्याय वाचावेत. एका भाषेत सवयीने कानाआड गेलेला शब्द दुसऱ्या भाषेत एकदम नवा वाटतो.

वाचताना चार ठिकाणी थांबावे. पहिल्या अध्यायाच्या आठव्या ओवीत, आपल्या ठायी पाप नाही असे म्हणणारा स्वतःला फसवतो असे आहे. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या ओवीत, तुम्ही पाप करू नये म्हणून मी लिहितो, पण कोणी केलेच तर पित्याजवळ आपला कैवारी आहे असे आहे. तिसऱ्या अध्यायाच्या नवव्या ओवीत, देवापासून जन्मलेला पाप करीत नाही, त्याच्याने ते करवतच नाही असे आहे. आणि पाचव्या अध्यायाच्या सोळाव्या ओवीत, आपला बंधू मरणाकडे न नेणारे पाप करत असताना दिसला तर त्याच्यासाठी प्रार्थना करावी असे आहे. ही चारही वाक्ये एकाच हाताने, एकाच पत्रात लिहिली आहेत. यांतले एकच घेऊन जो वाद घालतो, तो योहानाशीच वाद घालत असतो.

तिसऱ्या अध्यायाचा उलगडा बहुतेक उपदेशक ग्रीक क्रियापदाच्या काळावरून करतात : तेथील वर्तमानकाळ चालू राहणारी क्रिया दाखवतो, म्हणून अर्थ ‘पाप करत राहत नाही’ असा घ्यावा, आणि दुसऱ्या अध्यायातले ‘पाप केले’ हे एखाद्या वेळी घडलेले कृत्य समजावे. मराठीत ‘करतो’ आणि ‘करत राहतो’ हा फरक सहज कळत असल्याने हे स्पष्टीकरण आपल्याला लगेच पटते. ते उपयोगी आहेच; तरी सगळा भार त्याच्यावर टाकू नये, कारण पाचव्या अध्यायात ज्या बंधूसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे त्याच्या पापासाठीही तेच चालू क्रियेचे रूप वापरलेले आहे. मला अधिक भक्कम वाटते ती आजूबाजूची मांडणी. या पत्रामागे एक फूट आहे. काही जण मंडळीतून निघून गेलेले आहेत आणि पाप नसल्याचा दावा योहान खोडून काढतो तो अशांच्या संदर्भात. तिसऱ्या अध्यायात त्याने दिलेले उदाहरण आपल्या भावाला मारणाऱ्या काइनाचे आहे, आणि कसोटी आहे ती गरजवंत बंधूला पाहून आपले अंतःकरण बंद करून घेण्याची. म्हणजे पाप नसल्याची घोषणा करणाऱ्याला योहान विचारतो तो प्रश्न असा : तुझ्या भावाचे काय?

‘कैवारी’ या शब्दाजवळ मी दर वेळी थोडा जास्त थांबतो. आपल्या मराठी बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात पवित्र आत्म्याला ‘दुसरा कैवारी’ म्हटले आहे आणि या पत्रात येशूला कैवारी म्हटले आहे. मूळ ग्रीकमध्येही दोन्हीकडे एकच शब्द आहे. जो आपल्याशी बोलतो आणि जो आपल्या पापाबद्दल पित्याजवळ आपली बाजू घेतो, त्या दोघांना शास्त्राने एकच नाव दिले आहे. वाणीचा प्रश्न आणि पापाचा प्रश्न वेगळे काढता येत नाहीत, हे मला प्रथम या एका शब्दाने शिकवले.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायावर मात्र बैठक अडवू नये. जे करू नये तेच मी करतो, असे म्हणणारा पौल विश्वासी म्हणून बोलतो की त्याआधीच्या अवस्थेविषयी, यावर ऑगस्टीननेच आपले मत पुढे बदलले होते. तो वाद एका संध्याकाळी मिटणारा नाही. त्याऐवजी गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय काढावा. पेत्र पेंटेकॉस्टच्या दिवशी आत्म्याने भरला होता, तरी अंत्युखियात तो माणसांच्या भीतीने विदेश्यांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंगतीतून उठला आणि पौलाने सर्वांदेखत त्याचा दोष दाखवला. प्रेषिताचे असे होऊ शकते, तर आपले का होणार नाही? आणि पंगतीवरून उठणे म्हणजे काय, हे आपल्या गावांत कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

‘सगळी पापे वधस्तंभावर फेडली गेली, मग रोज क्षमा कशाला मागायची?’ असे कोणी ना कोणी विचारतेच, आणि प्रामाणिकपणे विचारते. याला ४१८ साली कार्थेज येथील परिषदेने उत्तर दिले आहे : ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ ही प्रार्थना पवित्र जन केवळ इतरांसाठी किंवा केवळ नम्रता म्हणून म्हणतात, खरोखर आपल्यासाठी नव्हे, असे शिकवणाऱ्यांना तिने दोषी ठरवले. तरीही मनाचे समाधान होत नसेल तर योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय वाचावा. ज्याचे स्नान झाले आहे त्याला पाय धुण्यापलीकडे गरज नसते, असे येशू पेत्राला म्हणतो. पावसाळ्यात खानापूरकडच्या तांबड्या चिखलातून घरी येणारा माणूस उंबऱ्याबाहेर पायांवर पाणी घेतो. त्याने त्याचे सकाळचे स्नान रद्द होत नाही, आणि स्नान झाले म्हणून तो चिखलाच्या पायांनी देवघरात किंवा स्वयंपाकघरातही जात नाही.

वाणीविषयी कोण काय मानते

देव आज बोलतो का, यावर ख्रिस्ती लोकांत तीन-चार भूमिका आहेत आणि समोरच्याची भूमिका न जाणता वाद घालणे व्यर्थ आहे. वेस्टमिन्स्टरच्या परंपरेत, देवाची इच्छा प्रकट होण्याचे पूर्वीचे मार्ग आता थांबले आहेत आणि शास्त्रात नव्या प्रकटीकरणाने काही मिळवायचे नाही, असे मानतात. १९१८ साली अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ बी. बी. वॉरफिल्ड यांनी चमत्कारांची कृपादाने प्रेषितांच्या काळाबरोबर संपली हे मत विस्ताराने मांडले. पेंटेकॉस्टल मंडळ्या याच्या उलट बाजूला आहेत, आणि त्यांची मुळे केवळ अमेरिकेत शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की १९०६ साली लॉस एंजेलिसला अझुसा स्ट्रीटवर सभा सुरू झाल्या त्याच्या आदल्याच वर्षी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मोठे संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झाले होते. कॅथलिक शिकवणीत खाजगी प्रकटीकरणाला जागा आहे, पण ते विश्वासाच्या ठेव्यात भर घालू शकत नाही. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचे पारखीचे नियम त्याच परंपरेतले, आणि त्यांतले दोन मी कोणत्याही मंडळीतल्या माणसाला बेलाशक सुचवतो : मन उदास, कोरडे पडलेले असताना पूर्वी घेतलेला निर्णय बदलू नये, आणि एखादा विचार चांगला वाटला तरी त्याची सुरुवात, मध्य आणि शेवट असे तिन्ही पाहावेत, कारण चांगल्या सुरुवातीचा शेवट वाईटाकडे झुकत असेल तर तो विचार चांगल्याकडून आलेला नाही.

मी स्वतः देव आजही बोलतो असे मानतो. पण ‘माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात’ ही ओवी ज्या सहजपणे प्रत्येक निर्णयाला चिकटवली जाते ते मला पटत नाही. त्या अध्यायात प्रश्न आहे तो येशूला मेंढपाळ म्हणून कोण ओळखतो आणि त्याच्यामागे कोण जातो याचा; नोकरी कोणती घ्यावी याचा नव्हे. सुगीनंतर निपाणीकडे वावरात मेंढरे बसवायला धनगर येतात. एकदा घटप्रभेच्या कालव्यावर दोन कळप पाणी पिताना एकमेकांत मिसळलेले मी पाहिले. कोणी मेंढरे निवडत बसले नाही. दोन्ही धनगर दोन दिशांना चालू लागले, आपापल्या हाकेने हाका घालू लागले, आणि ती शेकडो जनावरे पाण्याच्या धारेसारखी दुभंगली. एक मेंढी मात्र भलत्या कळपामागे निघाली. पोराने धावत जाऊन तिला खांद्यावर घातले. मी विचारले तेव्हा म्हातारा म्हणाला, “कालच बाजारातनं आणलीय, आजून आवाज वळखत न्हाई. ऱ्हाईल आठ-पंधरा दीस, मग वळखंल.” आवाज ओळखण्याची युक्ती त्याने मला सांगितली नाही, कारण तशी युक्ती नसतेच, सहवासाचे दिवस असतात. कन्नडमध्ये लक्षपूर्वक ऐकण्याला ‘किविगोडु’ म्हणतात, म्हणजे शब्दशः कान देणे, आणि मराठीतही आपण कान देऊन ऐकतो. जो रोज वचनाला कान देत नाही त्याला संकटाच्या दिवशी ऐकू येणारा आवाज कोणाचा, हे कळणार कसे?

प्रत्यक्ष पारख कशी करावी

पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिताना आत्म्याला विझवू नका, संदेशांचा धिक्कार करू नका, सर्व गोष्टींची पारख करा, असे एका दमात सांगितले आहे. म्हणून कोणी काही ऐकल्याचे सांगितले तर त्याला हसू नये आणि लगेच मानही डोलवू नये. प्रथम त्याला पूर्ण बोलू द्यावे, आणि त्याचे बोलणे तीन भागांत वेगळे करावे : त्याने नेमके काय ऐकले किंवा पाहिले, त्याचा अर्थ त्याला काय वाटला, आणि त्यावरून काय करावे असे तो म्हणतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायात सोर येथील शिष्य आत्म्याच्या द्वारे पौलाला यरुशलेमास जाऊ नको म्हणाले, कैसरीयात अगबाने कमरपट्टा बांधून पुढे येणारी बंधने दाखवली, आणि तरी पौल गेला. संकट येणार हे ऐकणे खरे होते. म्हणून जाऊ नये, हा निष्कर्ष ऐकणाऱ्यांच्या प्रेमाने काढलेला होता. आपल्याकडे बहुतेक घोटाळा याच सांध्यावर होतो.

दुसरी पायरी भाषेची आहे. ‘प्रभू असे म्हणतो’ हे शब्द मंडळीत एकमेकांशी बोलताना वापरू नयेत. ‘मला असे वाटते, तुम्ही पारखून पाहा’ असे म्हणावे. हा अविश्वास नव्हे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौलाने एके ठिकाणी मी नव्हे तर प्रभू सांगतो, दुसरीकडे प्रभू नव्हे तर मी सांगतो, आणि शेवटी मलाही देवाचा आत्मा आहे असे मला वाटते, असे लिहून तिन्ही गोष्टी काळजीपूर्वक वेगळ्या ठेवल्या आहेत. प्रेषिताने जो भेद पाळला तो आपण का मोडावा? मी अण्णाला ‘मला असं वाटतंय’ एवढेच म्हणालो असतो, तर त्यालाही बोलता आले असते.

तिसरी पायरी, ऐकणाऱ्याच्या इच्छेकडे पाहणे. या संदेशाने कोणाचा फायदा होतो आणि किंमत कोण मोजतो, हे स्पष्ट विचारावे. फायदा सांगणाऱ्याचा आणि किंमत दुसऱ्याची असेल, तर तेवढ्यावरून संदेश खोटा ठरत नाही, पण पारख दुप्पट कडक करावी. येथेच पापाच्या प्रश्नावर केलेली तयारी कामाला येते : आपल्यात अजून हाव, भीती आणि मत्सर आहेत हे ज्या बैठकीने मोकळेपणाने कबूल केलेले असते, तिथे हा प्रश्न कोणाला अपमान वाटत नाही. नाथान संदेष्टा होता. दावीदाने मंदिर बांधण्याची इच्छा सांगताच तो ‘जा, मनात आहे ते कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे’ असे बोलून गेला, आणि त्याच रात्री देवाने त्याला उलट निरोप देऊन परत पाठवले. नाथानाच्या मनात लबाडी नव्हती. त्याला राजाची इच्छा चांगली वाटली आणि त्याने ती देवाची समजली, एवढेच. सकाळी जाऊन त्याने आपला शब्द फिरवला, हे मला त्याच्या संदेष्टेपणाचे सर्वांत मोठे लक्षण वाटते.

चौथी पायरी, दोघा-तिघांकडे नेणे. संदेष्ट्यांपैकी दोघा-तिघांनी बोलावे व इतरांनी निर्णय करावा, हा करिंथच्या मंडळीला घालून दिलेला नियम आहे. पारखणाऱ्यांत निदान एक जण सांगणाऱ्याच्या नात्यातला किंवा ऋणातला नसावा, आणि एक स्त्री असावी. कारण या संदेशांचा भार पुष्कळदा घरातल्या सुनांवर आणि मुलींवर पडतो आणि बैठकीत त्यांचा आवाज नसतो. पारखणाऱ्याने आपल्याविरुद्ध जाणारा शब्दही दाबू नये. बाळ शमुवेल तीनदा एलीकडे धावला, तो आवाज परमेश्वराचा आहे हे एलीनेच ओळखले. आणि निरोप एलीच्या घराण्याविरुद्ध निघाला तेव्हाही त्याने तो मुलाकडून शब्दन्‌शब्द वदवून घेतला. याच्या उलट गोष्ट पहिल्या राजे या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात आहे. बेथेलच्या म्हाताऱ्या संदेष्ट्याने ‘देवदूताने मला सांगितले’ असे खोटे सांगून यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला जेवायला परत फिरवले, आणि त्या माणसाला वाटेत सिंहाने मारले. त्याला स्वतः देवाने दिलेली आज्ञा स्पष्ट होती. पांढऱ्या केसांच्या मानाखातर त्याने ती सोडली. म्हणून वचनात जे स्पष्ट आहे त्याच्याविरुद्ध जाणारी कोणतीही वाणी, ती कोणाच्याही तोंडून आलेली असो, तेथेच थांबवावी.

लग्न, पैसा आणि औषध

या तीन बाबतींत दुसऱ्याच्या आयुष्याविषयी कोणी वाणी सांगितली तर ती पारखेपर्यंत कुटुंबाला कळवूच नये असा नियम मंडळीने करावा. अमुक मुलाशीच लग्न कर, अमुक रक्कम दे, गोळ्या बंद कर, हे तीन निरोप मी आमच्या भागात सर्वांत जास्त ऐकले आहेत. शेवटच्याविषयी मला काही मऊ शब्दांत सांगायचे नाही : रक्तदाबाची, साखरेची, फेफऱ्याची किंवा मनाच्या आजाराची औषधे कोणत्याही वाणीवरून थांबवू नयेत. बरे झाल्याची खात्री असेल तर ती डॉक्टरांना तपासू द्यावी. देवाने बरे केले असेल तर तपासणीने ते नाहीसे होणार नाही. कोणाला सतत आवाज ऐकू येत असतील, झोप उडाली असेल, आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील, तर प्रार्थनेसाठी रात्र घालवू नये. त्याच दिवशी मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्यावे आणि प्रार्थना दवाखान्याच्या बाकावर बसून करावी. पूर्वी एका बैठकीत अशा मुलाला दोन महिने केवळ उपास-प्रार्थनेवर ठेवलेले मी पाहिले, आणि मीही तेव्हा गप्प बसलो होतो.

चूक ठरली तर

चूक कबूल करणाऱ्याला पुन्हा बोलायची बंदी करू नये, नाहीतर पुढच्या वेळी कोणी कबूल करणार नाही. कबुली मात्र जेथे दावा केला तेथेच, त्याच माणसांपुढे व्हावी. बैठकीत सांगितलेली वाणी चुकली तर क्षमा खाजगीत मागून भागत नाही. कोणाचे पैसे गेले असतील तर ते परत करण्याची तजवीज क्षमेच्या आधी बोलावी. अण्णाच्या व्याजाचा काही भाग मी पुढे भरला. त्याने तो दोनदा नाकारला, तिसऱ्यांदा वहिनीने घेतला.

आमच्या बैठकीत आता या कामासाठी एक वही ठेवलेली असते. तीत चार रकाने आहेत : तारीख, सांगणाऱ्याचे नेमके शब्द, पारखणाऱ्यांचे मत, आणि पुढे काय झाले. चौथा रकाना कोरा सोडून तो सहा महिन्यांनी भरायचा. वही पाळकसाहेबांकडे नसते, कारण त्यांचेही शब्द तीत लिहिले जातात. सध्या ती एका निवृत्त शिक्षिकेकडे आहे. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेआधी ती सर्वांपुढे वाचली जाते, खरे ठरलेले आणि चुकलेले दोन्ही, आणि वाचून झाल्यावर सगळे उभे राहून ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ म्हणतात.